हरकत नाही : नगरपालिकेचे ठराव, पैसा आणि महाडचं तळं



इतिहासाच्या व्याख्यानाला येताना माणूस किल्ला, लढाई, निदान एखादं राजघराणं तरी ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने येतो. आमचा आजचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. नगरपालिकेची सभा आणि तिथे होणारी अंदाजपत्रकावरची, सोयीसुविधांवरची भांडणं. आम्ही तिघं-चौघं गेली काही वर्षं या जुन्या सभांबद्दल जे छापील हाती लागेल ते वाचतो आहोत. घरचे विचारतात, त्यात असतं तरी काय? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच नसतं. अमक्यांनी सूचना मांडली, तमक्यांनी अनुमोदन दिलं, उपसूचना फेटाळली, सभा तहकूब. गटाराची दुरुस्ती, कंदिलाचं तेल, झाडूवाल्यांचा पगार. पण अशी दोन-चारशे पानं वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरायला लागते. नगरपालिकेत दोन प्रकारचे ठराव होतात. एक, ज्याच्यामागे पैशाची तरतूद असते. दुसरा, ज्याच्यामागे नसते. पहिल्या प्रकारच्या ठरावावर मंडळी रात्री दिवे लागेपर्यंत भांडतात. दुसरा पाच मिनिटांत एकमताने मंजूर होतो.

त्या दुसऱ्या प्रकारातल्या एका ठरावाकडे आज आम्हाला जायचं आहे. तो महाडच्या नगरपालिकेने केला, १९२४ साली. पण त्याच्याकडे जाण्याआधी पुण्यात थोडं थांबू. सार्वजनिक पैसा नेमका कोणाचा, हा वाद तिथे बराच आधी उघडपणे झाला होता.

पुण्यात नगरपालिका आली १८५७ साली. आज आपण नगरसेवक म्हणतो तसे निवडून आलेले लोक तेव्हा नव्हते. सरकार सभासद नेमायचं आणि त्यांना कमिशनर म्हणायचे. १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले हे असे नेमलेले सभासद होते. फुल्यांची शाळा, सत्यशोधक समाज हे सगळं आपण शाळेपासून वाचतो. ते सहा वर्षं नगरपालिकेत बसत होते आणि खर्चाच्या बाबींवर बोलत होते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते स्वतः कंत्राटं घेणारे गृहस्थ होते. दगड, चुना, मजुरी यांतला पैसा कुठून निघतो आणि कुठे जिरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्यांच्या चरित्रांमधून एक प्रसंग नेहमी येतो. व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी, मानपत्रासाठी एक हजार रुपये खर्चावेत अशी सूचना नगरपालिकेच्या अध्यक्षांनी मांडली. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. मत घेतलं तेव्हा बत्तीस सभासदांमध्ये विरोधात पडलेलं मत एकच, फुल्यांचं. (जाता जाता एक. चरित्रांत पाहुण्याचं नाव लॉर्ड लिटन आणि तारीख नोव्हेंबर १८८० अशी येते. लिटनसाहेब त्याच वर्षीच्या जूनमध्ये पद सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी रिपन आले होते. तेव्हा नाव किंवा तारीख, दोहोंतलं एक कोणीतरी दुरुस्त करायला हवं. एकमेकांचं बघून लिहिण्याची आपली सवय जुनीच आहे.)

त्याच वर्षी, १८८०च्या जुलैमध्ये, फुल्यांनी दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे त्या वेळचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिलं. पूर्वी शहरात दुकान एखादंच होतं, आता वस्तीवस्तीत दुकानं झाली. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खातं चालवते, पैसा ओतते, आणि दुसरीकडे लोकांचं आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकानं वाढत जातात, याला काय अर्थ? दारूविरुद्ध बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण फुल्यांचा युक्तिवाद निव्वळ नीतीचा नाही, हिशेबाचा आहे. एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं, असा हा जमाखर्च आहे असं ते दाखवतात.

आणि मग मंडईचं प्रकरण. पुण्याची भाजी तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात विकली जायची. नगरपालिकेने मोठी इमारत बांधायचं ठरवलं, खर्च तीन लाखांच्या घरात. फुल्यांचा आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांचा त्याला विरोध होता. एवढा पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, हे म्हणणं पुन्हा तेच. इमारत झालीच. १८८५-८६मध्ये ती उभी राहिली आणि त्या वेळच्या गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणायला लागले. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीला आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकाराने त्या इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. ज्या इमारतीवरच्या खर्चाला या माणसाने विरोध केला, तिलाच त्याचं नाव! अत्र्यांना हा विनोद कळला नसेल असं आम्हाला वाटत नाही. पण नाव देण्याला खर्च येत नाही, हेही खरं.

फुल्यांच्या विरोधामागे एक साधा प्रश्न होता. नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा येतो कोणाकडून? घरपट्टी घरवाल्याकडून येते, ती दिसते. जकात दिसत नाही. नाक्यावर गाडी अडवून भाजी, धान्य, जळण यांवर जकात घेतली जायची. ती भरायचा शेतकरी आणि शेवटी सोसायचं गिऱ्हाईक. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. शहरात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यावरच्या या जकातीची तक्रार त्यात आहे. म्हणजे ज्याचं नाव करदात्यांच्या यादीत कधी येत नाही, ज्याला सभेत खुर्ची नाही, त्याचाही पैसा त्या हजार रुपयांत आणि त्या तीन लाखांत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा. महाडला तो परत येणार आहे.

मधली चाळीस वर्षं आम्ही झपाट्याने ओलांडतो. रिपनसाहेबांचा १८८२चा स्थानिक स्वराज्याचा ठराव, १८८४चे कायदे, निवडणुका, टिळक, गोखले, केळकर या सगळ्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत काढलेली वर्षं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमच्या विषयाला त्यातला एकच वाद लागतो. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता येऊ लागलं. पुण्यात प्रश्न उभा राहिला : सक्ती कोणाला? मुलगे आणि मुली दोघांनाही, की आधी मुलग्यांना? आधी मुलगे म्हणणाऱ्यांमध्ये मुलींच्या शिक्षणाविरुद्ध आहोत असं सभेत उघड म्हणणारे थोडे. बाकीच्यांचं उत्तर एकच : पैसा नाही. मुलींचं पुढे पाहू. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या बायका रस्त्यावर उतरल्या, विठ्ठल रामजी शिंदे यांनी सभा घेतल्या, १९२०च्या फेब्रुवारीत किर्लोस्कर थिएटरमधल्या सभेत तर टिळकांसमोर गोंधळ झाला. 'पैसा नाही' हे उत्तर ऐकायला किती सौम्य! त्यात कोणाचा अपमान नाही, कोणाशी वैर नाही. पण मानपत्राला पैसा निघतो, मंडईला निघतो, आणि काही थोड्या बाबींपाशी आलं की तो नेमका संपतो, हे त्या बायकांना समजलेलं होतं.

आता महाड.

महाड हे कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगडातलं, सावित्रीच्या काठचं जुनं बंदराचं गाव. तालुक्याचं ठिकाण, बाजारपेठ. या भागातली महार मंडळी पूर्वी पलटणीत मोठ्या संख्येने होती आणि पेन्शन घेऊन परत गावी आली होती. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच, महाडजवळच्या रावढळचे. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे. १८९५च्या सुमारास सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं तेव्हा सवर्ण सभासद नाराज झाले, आणि हा माणूस बोर्डात बसावा का यावर वर्तमानपत्रांतून वाद झाला. म्हणजे सार्वजनिक पैशाचा विचार करणाऱ्या टेबलाशी कोणी बसायचं, हा प्रश्न महाडला तळ्याच्या आधी तीस वर्षं पडून गेला होता.

तळ्याचं नाव चवदार तळं. चार-पाच एकरांचं, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि त्यापलीकडे घरं. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सगळ्या प्रकरणाची हकीकत स्वतः लिहिली आहे आणि तिच्यातले काही तपशील आम्हाला वाटतं पुरेसे वाचले गेलेले नाहीत. ते सांगतात की आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य महाडला दोन कारणांनी येत. एक बाजारहाट. दुसरं, गावकामगार म्हणून सरकारी काम : गावाच्या अधिकाऱ्यांचा कागद तालुक्याला पोचवायचा किंवा गावात जमा झालेला सारा कचेरीत भरायला न्यायचा. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळेल असं सार्वजनिक ठिकाण एकच, चवदार तळं. आणि तिथे त्यांना मज्जाव. मग पाणी कुठलं? महाडच्या अस्पृश्य वस्तीतल्या विहिरीचं. ती विहीर गावाच्या मध्यापासून लांब होती आणि, बाबासाहेब लिहितात, नगरपालिकेच्या दुर्लक्षामुळे गाळाने पार बुजत आलेली होती.

इथे जरा थांबून चित्र डोळ्यांसमोर आणा. उन्हातून चालत आलेला माणूस. त्याच्याजवळ सरकारचा सारा आहे, म्हणजे अक्षरशः सार्वजनिक पैसा तो वाहून आणतो आहे. तो पैसा कचेरीत भरून तो बाहेर पडतो. समोर सार्वजनिक तळं. त्याला तिथे ओंजळ लावता येत नाही.

कायद्याच्या बाजूने काय चाललं होतं तेही पाहू. सरकारी पैशावर चालणारी गोष्ट सर्वांना खुली असावी, हे तत्त्व मुंबई सरकारने १८५८ सालीच मान्य केलं होतं, शाळांच्या बाबतीत. धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, त्या प्रकरणातून ते निघालं. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्या प्रजेला खुल्या, आणि ज्या शाळांना सरकार अंशतः अनुदान देतं त्या भेदभाव करतील तर अनुदान नाकारण्याचा हक्क सरकारकडे. तत्त्व उत्तम. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं.

नंतर ४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. बोले म्हणजे भंडारी समाजातले पुढारी, मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये काम केलेला माणूस. ठराव असा, की सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने हे सगळे अस्पृश्यांना खुले असावेत. इथे 'धर्माने', 'माणुसकीने' असले शब्द नाहीत. पैसा कोणाचा, एवढाच निकष. फुले जे म्हणत होते ते आता कायद्याच्या भाषेत आलं होतं.

पुढच्या महिन्यात, ११ सप्टेंबरला, सरकारने हुकूम काढला. सरकारी खात्यांनी ठराव अमलात आणावा. आणि नगरपालिका, लोकल बोर्डं यांचं काय? त्यांच्याबाबत कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, की आपापल्या हद्दीत हा ठराव स्वीकारणं इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा. सरकारी भाषेत 'विचार करावा' म्हणजे काय, ते या सभागृहातल्या निवृत्त मंडळींना आम्ही सांगायला नको.

महाडच्या नगरपालिकेने विचार केला. तिथे सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक वृत्तीचे लोक होते. १९२४च्या जानेवारीत ठराव झाला : अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करण्यास नगरपालिकेची हरकत नाही.

हरकत नाही. या दोन शब्दांवर आमच्या अभ्यासगटात एक अख्खी संध्याकाळ गेली. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, १९२४ साली एका कोकणी तालुक्याच्या गावात एवढं म्हणायलाही धैर्य लागलं, त्याला कमी लेखू नका. ते बरोबरच आहे. इलाख्यातल्या कितीतरी नगरपालिकांनी एवढंही केलं नाही. पण दुसऱ्याने विचारलं, 'हरकत नाही' म्हटल्यावर उद्या सकाळी नगरपालिकेच्या कोणत्या नोकराला काय काम करावं लागणार होतं? उत्तर : कोणालाच काही नाही. घाटावर शिपाई उभा करा, पाटी लावा, दवंडी पिटा, कोणी अडवलं तर अमक्याने तक्रार घ्यावी, यातलं काही त्या वाक्यात नाही. त्या ठरावाला एक पैसाही लागला नाही. वस्तीतल्या विहिरीचा गाळ काढायचा म्हटलं असतं तर मात्र मजूर लागले असते, मजुरी लागली असती, अंदाजपत्रकात एक ओळ लागली असती. ती विहीर बुजलेलीच होती.

आमचं मत स्पष्ट सांगायचं तर ते ठराव आणि विहीर एकत्र ठेवून बघावं लागतं. नुसता ठराव वाचला तर महाडची नगरपालिका काळाच्या पुढे दिसते. नुसती विहीर पाहिली तर ती इतरांसारखीच. त्या काळातल्या सुधारणेची खरी उंची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

तीन वर्षं तळ्यावर कोणी गेलं नाही. जायची छाती नव्हती, आणि 'हरकत नाही' म्हणणारी नगरपालिका मार पडताना आड येईल असं कोणाला वाटत नव्हतं.

दरम्यान बोल्यांनाही ठरावाचं काय झालं ते दिसत होतं. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मंजूर करून घेतला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. दुखतं कुठे ते त्यांनी ओळखलं होतं. पण कौन्सिलचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस, त्यापेक्षा जास्त नाही.

याच ठिकाणी एक योगायोग सांगावासा वाटतो. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग यांनी बाबासाहेबांचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक छापलं. सरकारकडून खाली पैसा कसा झिरपतो, कोण कोणाला कशाच्या अटीवर देतो, याचा अभ्यास केलेला माणूस पुढच्या दोन वर्षांत एका नगरपालिकेच्या तळ्यावर जाणार होता. आम्ही महाडचा सत्याग्रह नेहमी समतेच्या लढ्यात मोजतो, आणि तो आहेच. पण तो सार्वजनिक वित्ताच्या एका पंडिताने लढलेला लढाही आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात हे कोणी सांगत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

१९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी गावोगाव हिंडून ती उभी केली. अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे, टिपणीस ही मंडळी बरोबर होती. हजारो माणसं आली. आणि त्या माणसांना प्यायला पाणी हवं. तळं हाकेच्या अंतरावर. तरी परिषदेला पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. परिषदेच्या जमाखर्चातली ही रक्कम वाचली की आम्हाला पुण्याचे ते हजार रुपये आठवतात. सार्वजनिक तळ्याचं पाणी आपल्याला नाही, म्हणून गरीब माणसांच्या वर्गणीतून चाळीस रुपये मोजायचे. हा एक प्रकारचा करच झाला. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता एवढंच.

दुसऱ्या दिवशी परिषद चालत तळ्यावर गेली. बाबासाहेब पाण्यापाशी उतरले, ओंजळभर पाणी प्याले, आणि मागोमाग बाकीचे. १९२४चा ठराव त्या दिवशी पहिल्यांदा अमलात आला, आणि तो नगरपालिकेने नव्हे, ज्यांच्यासाठी तो होता त्यांनीच अमलात आणला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतीच्या वाटेवरच्या आणि मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ले झाले. मग तळ्याची शुद्धी. शेण-गोमूत्र-दूध-दही यांचे एकशेआठ घडे पाण्यात ओतले गेले.

आता परत सभागृहात जाऊ, कारण आमचा विषय तिथला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा ऐका. बोल्यांचा पहिला ठराव ४ ऑगस्ट १९२३चा. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला. आणि अनुदान बंद करण्याच्या ठरावाला दुसऱ्या दिवशी एक वर्ष पुरं होणार होतं. मुद्दाम तारीख धरली असेल असं आम्ही म्हणत नाही. पण अनुदान जाईल या भीतीने कोणाचा हात आखडला नाही, एवढं त्यावरून दिसतं. करताना ठरावाला पैसा लागला नव्हता, मोडतानाही लागला नाही. शिपाई काढायचा नव्हता, पाटी उतरवायची नव्हती, तरतूद परत जमा करायची नव्हती.

बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रहाची हाक दिली. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात काही सवर्णांनी दावा लावला आणि १४ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यातलं म्हणणं मोठं मजेशीर. तळं सार्वजनिक नाहीच! ते चौधऱ्यांच्या खाजगी मालकीचं, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही अनादि काळापासूनची वहिवाट. गंमत बघा. तळं खाजगी असेल तर नगरपालिकेने १९२४ साली 'हरकत नाही' म्हटलं कशाच्या अधिकारात? आणि १९२७ साली तेच रद्द तरी कशाच्या अधिकारात केलं? दुसऱ्याच्या घरच्या माठावर ठराव करणारी नगरपालिका आम्ही तरी ऐकलेली नाही. तळं नगरपालिकेचं आहे हे त्या दोन्ही ठरावांनीच मान्य केलेलं होतं. सार्वजनिक म्हटलं की ते सगळ्यांचं होतं, म्हणून ते सार्वजनिक नाही असं म्हणणं भाग पडलं.

२५ डिसेंबरला परिषद भरली. मंडपाला जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. मनुस्मृती जाळली ती त्याच दिवशी. पाण्याचं काय करायचं यावर परिषदेत कडाक्याची चर्चा झाली. माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली होती. कलेक्टरांनी येऊन समजावलं, आणि शेवटी बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असं ठरवलं. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला न शिवता परत आले. आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत कठीण घटका. ज्या कोर्टांनी आणि ज्या सभागृहांनी आजवर नुसते शब्द दिले होते, त्यांच्यावर एवढा मोठा जमाव पुन्हा भरवसा ठेवतो आहे. तो भरवसा योग्य होता का, यावर आमच्या गटात अजून एकमत नाही, आणि होईल असं दिसत नाही.

दावा चालला. महाडच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, तिथून मुंबई हायकोर्टात. खालच्या कोर्टांनी चौधऱ्यांची खाजगी मालकी मानली नाही. तळं नगरपालिकेचं ठरलं. उरली वहिवाट. हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्यापुढे अपील आलं तेव्हा प्रश्न हा होता, की अस्पृश्यांनी पाणी भरायचं नाही ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे असं वादींनी सिद्ध केलं का? कोर्टाने म्हटलं, नाही. आणि वहिवाट सिद्ध झाली असती तर ती न्याय्य आहे का, सार्वजनिक धोरणाला धरून आहे का, याचाही विचार करावा लागला असता. ती वेळच आली नाही.

निकालाची तारीख १७ मार्च १९३७. पहिल्या ओंजळीपासून दहा वर्षांना तीन दिवस कमी. वस्तीतल्या त्या विहिरीचा गाळ हा कुठल्याच कोर्टापुढचा मुद्दा नव्हता.

आमचं बोलणं इथे थांबवतो. चहा झाल्यावर प्रश्न घेऊ.